इन्व्हर्टरचं अंगडं-टोपडं

इन्व्हर्टर पुन्हा कण्हायला लागला आणि आईने चहाचा कप खाली ठेवला.

"ऐकलंस? ज्या घरात यंत्रसुद्धा सुखात नाही, तिथे मी काय राहू? आवाज थांबला तर थांबते. नाहीतर माझी बॅग भरलेली आहे."

बॅग खरंच भरून दाराजवळ ठेवलेली होती. रविवारी थोरला मुलगा तिला न्यायला येणार होता. धाकट्याचा जीव त्या बॅगेकडे बघून रोज कासावीस व्हायचा. केस पिकले तरी आईच्या लेखी तो धाकटाच, आणि जन्मात पहिल्यांदा ती थोरल्याला सोडून त्याच्याकडे राहायला आली होती. त्याचं घर विजेचे खांब संपतात त्याच्याही पुढे होतं. छपरावर सौर पॅनेल, जिन्याखाली बॅटऱ्या आणि त्यांच्या वर भिंतीला हा इन्व्हर्टर. "बाहेरच्या तारेशी आपला काही संबंध नाही," असं तो आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचा. आता फुगवायला छातीच उरली नव्हती.

आईचा हात शिवणाचा. ती आल्यापासून घरात एकही वस्तू उघडी राहिली नव्हती. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, सिलिंडरला तर चक्क झालरीचा फ्रॉक. वापरात नसेल ते झाकून ठेवायचं, हा तिचा नियम. इन्व्हर्टर तर तिला कधी काही काम करताना दिसलाच नव्हता. त्यामुळेच असेल, त्याला निळ्या फुलांचं, बटणांचं, कायमचं कव्हर मिळालं होतं.

धाकट्याने पाना घेतला. कव्हर काढून नीट खांद्यावर टाकलं, सगळे स्क्रू आवळले आणि कान लावला. हळूहळू आवाज थांबला.

"सापडलं! स्क्रू ढिला होता."

त्याने कव्हर परत घातलं, बटणं लावली. जेवणं होतात न होतात तोच आतून पुन्हा घर्रर्र!

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, भिंत थरथरत असणार. त्याने चपलेचं रबर कापून यंत्राच्या मागे बसवलं.

"अहो, माझी चप्पल!" बायको ओरडली.

"जुनीच होती ना?"

"जुनी दाराबाहेर पडलीय. ही नवी!"

तासभर शांतता, मग घर्रर्र, आणि भरीला पीं पीं. शेवटी त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"इन्व्हर्टरच्या जाळीवर कुणी काही ठेवलंय का? कपडे, पिशवी?"

"छे हो, काहीच नाही," धाकटा खांद्यावरचं कव्हर सावरत म्हणाला.

"मग व्हिडिओवर दाखवा."

तोवर इन्व्हर्टर थंड होऊन गपगार झाला होता.

"साहेब, हे तर गाढ झोपलंय!"

"तुम्हाला बघून गप्प बसलंय हो."

"मग लाजाळू आहे. त्याला माझ्याकडे औषध नाही," म्हणून मेकॅनिकने फोन ठेवला.

शनिवारी आईने सगळी कव्हरं धुवायला काढली. "जाण्याआधी तुमचं घर स्वच्छ करून जाते," ती म्हणाली. पण त्या दिवशी नवल घडलं. सकाळपासून इन्व्हर्टर चूप. दुपार झाली तरी चूप. बायकोने चपलेबद्दल त्याला माफसुद्धा करून टाकलं. संध्याकाळी कव्हर वाळलं, आईने ते घातलं, आणि थोड्याच वेळात घर्रर्र!

धाकट्याने कव्हर काढलं. काही वेळाने आवाज बंद. घातलं. काही वेळाने आवाज सुरू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा आठवडाभर खांद्यावर होता.

पण आता इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं नाही, तर आई आवाजाने जाणार. सांगितलं, तर रुसून जाणार.

"सांगून टाका," बायको कुजबुजली.

"तू सांग ना."

"आई तुमची आहे."

धाकटा आईसमोर जाऊन उभा राहिला. "आई, ते... त्याला जरा उकडतंय."

"कुणाला?"

"इन्व्हर्टरला. त्याला वारा लागतो, नाही मिळाला की आतला पंखा ओरडतो. आपण त्याचं नाकतोंड दाबून धरलं होतं."

आईने कव्हर हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

"पहिल्या दिवशी बारीकसं कण्हत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, जिन्याखाली गारठा आहे, थंडी वाजत असेल बिचाऱ्याला. म्हणून शिवलं. मग जास्तच कण्हायला लागलं, म्हणून आतून माझ्या शालीचं अस्तर लावलं."

"शालीचं?"

"मग काय करू? पण तू रोज ते काढून परत घालत होतास. बटणंसुद्धा लावायचास! तुला कळलं नाही?"

"तू घातलंयस म्हणजे बरोबरच असणार, असं वाटलं."

आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. धाकटाही हसला, पण बॅग अजून दाराजवळच होती आणि त्याची विचारायची छाती झाली नाही.

रविवारी थोरला गाडी घेऊन आला. दाराजवळ बॅग नव्हती.

"आई, चल ना. सामान कुठाय तुझं?"

आईने माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे निळ्या फुलांच्या कव्हरात, गळ्यापर्यंत बटणं लावून, बॅग बसली होती.

"वापरात नाही ना," आई म्हणाली, "म्हणून झाकून ठेवली."