पोथीत बांधलेली नोटीस

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या. चपला दाराशी राहू द्यात, कोणी नेत नाही. आज आख्यान लावलंय ते ना राजाचं, ना ऋषीचं. कन्नड मुलखातल्या राजाजीनगरच्या पद्माकररावांचं आणि एका सरकारी पाकिटाचं.

पद्माकरराव म्हणजे सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रांचे आराखडे काढून निवृत्त झालेले इंजिनियर. कीर्तनाचं वेड असं, की कुठं झांज वाजली तर हातातला घास ताटात ठेवून उठतील. त्यांनी चार मराठी मंडळी जमवून कीर्तनोत्सवासाठी ‘हरिरंग’ नावाची रीतसर कंपनी काढली होती, ना-नफा तत्त्वावरची. कंपनीचा पत्ता म्हणून घर दिलं तेव्हा छाती पुढं काढून म्हणाले, “या घरात आलेला कागद आजवर हरवलेला नाही. आमच्याकडं पद्धत आहे.”

पद्धत अशी. टपालानं काहीही येवो, लग्नपत्रिका की नेमणुकीचं पत्र, ते न फोडता आधी देवापुढं ठेवायचं. वर एक फूल. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, की मग फोडायचं.

यंदाच्या आधीच्या अधिक महिन्यात, अगदी शेवटच्या दिवशी कंपनी निबंधकांचं पाकीट आलं. पद्माकररावांनी ते पद्धतीप्रमाणे देवापुढच्या पोथीवर ठेवलं, वर जास्वंद. संध्याकाळी त्यांच्या पत्नी अलकाताईंनी अधिकाची समाप्ती केली. चष्मा स्वयंपाकघरात होता. पोथी लाल वस्त्रात गुंडाळली, सात गाठी मारल्या आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. पाकिटासकट! सकाळी देवापुढं पाकीट दिसेना. यांना वाटलं, हिनं फोडलं असेल. तिला तर ते आलेलंच ठाऊक नव्हतं.

आता ती पोथी सुटते फक्त अधिक महिन्यात. आणि अधिक महिना काही दर महिन्याला येत नाही.

यंदा अधिक लागला. गाठी सुटल्या. आधी जास्वंदाचा चुरा पडला, मागोमाग पाकीट. आत लिहिलेलं, ‘आपली कंपनी खरोखर चालू आहे का, ते तीस दिवसांत कळवा, अन्यथा तिचं नाव नोंदीतून काढलं जाईल.’ कळवलं नव्हतं. नाव केव्हाच निघालं होतं.

“अहो, मग श्रावणातला उत्सव?” अलकाताईंनी विचारलं.

हॉलवाले यंदापासून नोंदणीचा ताजा दाखला मागत होते. दाखला नाही तर हॉल नाही. आणि समाप्तीच्या कीर्तनाला उभ्या राहणार होत्या अंजलीबाई, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांनी सांगून ठेवलं होतं, “यंदाचं शेवटचं. गुडघे ऐकत नाहीत आता.”

दोघं धावत गेले बसवनगुडीला, सुखदा वकिलिणीकडं. तिच्या घराला चार पिढ्या इथंच झालेल्या, आणि कीर्तनाला ती झांज घेऊन बसणारी.

“अण्णा, निबंधकांच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येतं. पण त्याला वेळ ठरलेली असते, ती कधीच उलटली. उशीर का झाला ते सांगायला लागतं. इतके दिवस पाकीट कुठं होतं?”

“देवाजवळ.”

“स्वल्प थांबा. हे असं कोर्टात लिहायचं?”

“मग काय, आजारी होतो म्हणू?”

“सगळे तेच म्हणतात.”

“मी नाही म्हणणार. कीर्तनात पहिल्या रांगेत बसतो मी.”

विलंबाचं कारण त्यांनी स्वतःच लिहून आणलं. अकरा पानं. आरंभी नमन, मग अधिकमासाचा महिमा, मग फुलांची निवड.

“अण्णा, यात नोटीस येते नवव्या पानावर.”

“आधी पूर्वरंग नको?”

सुखदानं चार ओळी ठेवल्या आणि अर्ज लावला. तारीख मिळाली अधिक संपल्यावर आठवड्यानं.

न्यायमूर्तींनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि कन्नडमध्ये म्हणाले, “पाकिटावर टपालाचा शिक्का आहे, फुलाचा डाग आहे, असं लिहिलंय. मूळ पाकीट बघू.”

सुखदानं मागं न बघताच हात मागं केला. “अण्णा, पाकीट.”

पद्माकररावांनी अलकाताईंपुढं हात केला. “पाकीट.”

“तुम्ही नाही का आणलंत?”

“मी कसा आणीन? खटल्याला यश यावं म्हणून परत देवापुढं ठेवलं होतं.”

“देवापुढं कुठं?”

“पोथीवर.”

अलकाताईंनी पदर तोंडाला लावला. “अहो, समाप्ती झाली. सात गाठी मारल्या मी.”

सुखदाचा हात अजून मागंच होता, रिकामा. सांगणं भाग होतं, तिनं सांगितलं.

“घरी जाऊन सोडा ना गाठी,” न्यायमूर्ती म्हणाले.

पद्माकररावांनी हात जोडले. “सोडू, स्वामी. पुढच्या अधिकात.”

“तो कधी?”

“पावणेतीन वर्षांनी.”

सरकारी वकिलांनी फाइल उघडून त्यात तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

“पाकीट हरवलं का मग?” न्यायमूर्तींनी विचारलं.

“छे! हरवेल कसं? जिथं ठेवलं तिथंच आहे.”

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “उशीर असा होऊ शकतो, हे अर्ज वाचून मला पटलं नव्हतं. आता डोळ्यांनी पाहिलं. विलंब माफ.” कंपनी चालू होती याला उत्सवाच्या पत्रिका पुरेशा ठरल्या, आणि नाव नोंदीत परत घ्यायचा हुकूम झाला.

हुकुमाची प्रत हाती आली तेव्हा पद्माकररावांनी ओंजळ पुढं केली. “दे, आधी देवापु...”

“सरी, अण्णा, ठीक आहे,” म्हणत सुखदानं प्रत आपल्या बॅगेत घातली आणि त्याच दुपारी निबंधकांकडं स्वतः नेऊन दिली. जाता जाता कंपनीचा पत्ताही बदलला. आता टपाल बसवनगुडीला तिच्या ऑफिसात जातं.

श्रावणात अंजलीबाई उभ्या राहिल्या. गुडघे ऐकत नव्हते, गळा ऐकत होता. उत्तररंगात त्यांनी हीच गोष्ट घातली. पहिल्या रांगेतले पद्माकरराव बराच वेळ स्वतःच्या पायाचा अंगठा पाहत होते.

तर मंडळी, आता आरतीला उठाल तेव्हा सुखदाची आठवण ठेवा, तिच्यासाठी एकदा हात जोडा. पद्माकररावांनी तिला आभाराचं सुंदर पत्र लिहिलंय, पाकिटात घालून पत्ताही घातलाय.

देवापुढं ठेवलंय.