कट्ट्याला टेकलेली गाडी

ज्या गाडीला पाय लावणार नाही असं जिजीने घरभर, आणि घर पुरेना म्हणून समोरच्या वकीलसाहेबांनाही ऐकवून ठेवलं होतं, त्याच गाडीच्या मागच्या सीटवर ती आता बसली होती. आणि तिला उठता येत नव्हतं.

गाडी जपानची. आधी तिकडच्या कुणा साहेबाने वापरलेली, मग जहाजातून इकडे आलेली. अर्धी पेट्रोलवर चालणारी, अर्धी बॅटरीवर. "एकावर भरवसा नाही म्हणून दोन ठेवलेत," असं जिजीने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. गाडीत एक जपानी बाई होती, म्हणजे तिचा नुसता आवाज होता. दार उघडलं की ती लाडिकपणे काहीतरी सांगायची आणि जिजीचे चिरंजीव सगळं समजल्यासारखी मान डोलवायचे. पन्नाशीला टेकलेल्या, रंगाचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने घरातल्या बाईचं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं, हे जिजीच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

बरं, एवढी देखणी गाडी आणली तर आहे तशी वापरावी. पण चिरंजीवांनी ती लगेच सुधारायला काढली. काचांना काळी फिल्म लावली, म्हणजे आत बसलेला माणूस कुणाला दिसायला नको. पोटाखाली निळे दिवे लावले. डिकीत कपाटाएवढे स्पीकर कोंबले. आणि कहर म्हणजे चांगल्या स्प्रिंगा उपटून त्या जागी हवेच्या पिशव्या बसवल्या. त्याचा एक छोटा रिमोट होता. खालचा बाण दाबला की गाडी फुस्स करून जमिनीला टेकायची, वरचा दाबला की उठायची. गाडी जेवढी खाली, तेवढी मालकाची मान वर, असं या शौकिनांत असतं म्हणे.

त्या सकाळी चिरंजीव गाडी पुसत होते. दिवे आणि गाणी चालू ठेवून, मागचं दार उघडं टाकून ते वकीलसाहेबांना बोलवायला गेले. जिजी दारापुढच्या कट्ट्यावर आली. सीट कशी आहे ते नुसतं हाताने दाबून बघावं, एवढाच तिचा विचार होता. हात मनगटापर्यंत आत गेला. असली गादी तिने जन्मात पाहिली नव्हती. तिने इकडे तिकडे पाहिलं, चपला कट्ट्यावर काढल्या आणि बसली. सीटने तिला लोणी सुरीला घेतं तसं आत घेतलं.

पुरे झालं म्हणून ती उठायला गेली, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. कट्टा वर आणि सीट खाली. पुढे झुकली, दाराला धरलं, मनातल्या मनात गुडघ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते ढिम्म.

एरवी तिने हाक मारली असती. पण मागच्याच आठवड्यात जिन्यात दम लागून ती पायरीवर बसली, तेव्हा चिरंजीवांनी विषय काढला होता, की जिजीने आता खालच्या खोलीत यावं आणि घराच्या किल्ल्या सुनेकडे द्याव्यात. वकीलसाहेब तेव्हा समोरच होते. त्यांच्यादेखत जिजीने कमरेचा जुडगा वाजवून सांगितलं होतं, "ज्या दिवशी मला कुणी हात धरून उठवेल, त्या दिवशी किल्ल्या काढून देईन. तोवर वरची खोली माझी आणि कपाटंही माझी." आता हाक मारायची म्हणजे कुणीतरी येणार, आणि येणारा हातच देणार.

तेवढ्यात फाटकाशी आवाज आला. जिजीने दार ओढून घेतलं. काळ्या काचेआड ती दिसेनाशी झाली. खिडकी बोटभर उघडी होती, तेवढ्यातून सगळं ऐकू येत होतं.

"आता बघा हं, वकीलसाहेब," चिरंजीव म्हणाले, आणि त्यांनी खालचा बाण दाबला.

गाडी बसली. जिजीही बसली, बसलेली होतीच, आणखी खाली गेली. वकीलसाहेबांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि विचारलं, की हिचा उपयोग काय. चिरंजीवांनी त्यांना कट्ट्यावर बसवून उपयोग समजावायला घेतला. सुनेने चहा आणला. चहा झाला, बोलणं चालूच राहिलं. आत जिजीने काच आणखी खाली घ्यावी म्हणून हातापाशीचं एक बटण दाबलं, तर सीट तिच्या पाठीत बुक्क्या मारायला लागली. ती थांबावी म्हणून दुसरं दाबलं, तर बुक्क्या जोरात सुरू झाल्या. तिसरं दाबलं तेव्हा पायाखालून एक फळी उठली आणि जिजीचे दोन्ही पाय उचलून तिने हवेत धरले. जपानी बाई काहीतरी अगत्याने बोलू लागली. "तू गप बैस," जिजी दातांआडून म्हणाली.

सून कपबशा गोळा करायला वाकली आणि तिला चपला दिसल्या. गाडीच्या मागच्या दाराशी, जोडीने ठेवलेल्या. ती तशीच वाकलेली राहिली. मग तिने काळ्या काचेकडे पाहिलं. काचेतून तिला काही दिसत नव्हतं, जिजीला मात्र तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. संपलं, असं जिजीला वाटलं. किल्ल्या जिला मिळायच्या, तिनेच पकडलं. सुनेने चपला हळूच उचलल्या, ट्रेखाली धरल्या आणि एक अक्षर न बोलता आत निघून गेली.

जिजीला हे काही समजलं नाही. न समजलेलं तिला फारसं आवडत नसे, पण हे चाललं.

वकीलसाहेब एकदाचे उठले. चिरंजीवांनी वरचा बाण दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. निळे दिवे मंद झाले आणि गेले. जपानी बाई वाक्याच्या मध्येच घोगरी झाली आणि थांबली.

"अशीच ठेवायची होती मला," चिरंजीव लगेच म्हणाले. "उभी करताना बसवूनच ठेवतात." पण घाम पुसायला त्यांना रुमाल सापडेना. थोड्या वेळाने ते कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलू लागले, आणि वकीलसाहेब जायचे ते थांबले. कुणाचं बिघडलेलं असलं की त्यांचा पाय निघत नसे.

पिशव्या बसवणारा फिटर आला. त्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि सांगितलं, की मोठी बॅटरी भरलेली आहे, पण डिकीत एक छोटी बॅटरी असते, ती उतरली. तिने हुकूम दिल्याशिवाय मोठी हलत नाही. दिवे, गाणी, हवेचा पंप, सगळं तुम्ही तिच्याच गळ्यात बांधलंय. आता डिकी उघडते विजेवर, आणि वीज आहे डिकीत. आतून जावं तर पुढून मागे शिरायला जागा नाही, मागचं एक दार भिंतीला चिकटलेलं, आणि दुसरं, गाडी खाली बसल्यामुळे, कट्ट्याला अडकलेलं.

"मग कट्ट्याचा कोपरा फोडू," चिरंजीव म्हणाले. "नाहीतरी तो काढायचाच होता. गाडी लावायला आड येतो. जिजी वर झोपली असेल तोवर उरकून टाक."

हा कट्टा जिजीने स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतला होता. गवंडी म्हणाला होता, एवढा उंच कशाला, आणि ती म्हणाली होती, तुझ्या उंचीला साजेसा नको, माझ्या घराला साजेसा हवा. फिटरने हातोडा काढला.

"कट्ट्याला हात लावून तर बघ," गाडी म्हणाली.

फिटरच्या हातून हातोडा पडला. "साहेब," तो पुटपुटला, "या बाईला आपली भाषा कधी आली?"

चिरंजीवांनी मात्र आवाज ओळखला. त्यांचा रंग दुकानातल्या कुठल्याच डब्यात न मिळणारा झाला.

"जिजी? तू आत काय करतेयस?"

"बसलेय. माझ्या दारात गाडी लावतोस, तिच्यात मी बसायचं तर जपानला विचारायचं का?"

"पण तूच म्हणाली होतीस, या गाडीला पाय लावणार नाही."

"मग? लावलेत का, बघ. दोन्ही वर आहेत."

वकीलसाहेबांनी बोटभर फटीला डोळा लावला. "आहेत खरे," ते गंभीरपणे म्हणाले.

"पण मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"तू कुणाला बोलू देतोस? 'हिची बैठक बघा, हिचा रुबाब बघा' चाललं होतं ना? आधी कट्ट्याचं बोल. आईची पाठ वळली की हातोडा, होय रे?"

चिरंजीव म्हणाले, इलाज नव्हता. त्यावर फिटरने, बिचाऱ्याला घरचं राजकारण माहीत नसल्याने, तोंड उघडलं. इलाज आहे की. पुढे बॉनेटखालून तारा जोडता येतात, दुसरी बॅटरी टेम्पोत आहेच. पण साहेबांनीच कट्ट्याचं काढलं, तेव्हा त्याला वाटलं, साहेबांची हौस असेल. वकीलसाहेब पुन्हा कट्ट्यावर बसले.

फिटर कामाला लागला. आणि इकडे चिरंजीवांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतू लागला, कारण त्यांना जिन्यातला दिवस आठवला होता. आवाजात साखर घालून ते फटीशी वाकले.

"जिजी, दार उघडलं की मी हात देतो हं. घाई करू नकोस. एवढ्या खालून उठणं सोपं नाही, मला समजतं."

जिजीने ओळखलं. मुलगा हात पुढे करत होता, पण त्याची नजर तिच्या कमरेवर होती. तिने वकीलसाहेबांकडे पाहिलं. तेही विसरलेले दिसत नव्हते.

तारा जोडल्या. जपानी बाईने अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. फळी खाली आली, पाय खाली आले. पंप घुरघुरला, गाडी जराशी उठली आणि दार कट्ट्यावरून सुटून उघडलं. चिरंजीवांनी हात पुढे केला.

"हात खिशात घाल," जिजी म्हणाली. "माझ्या चपला?"

त्या कुठे आहेत ते कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. सून पुढे आली आणि तिने त्या जोडीने कट्ट्यावर ठेवल्या. जिजीने तिच्याकडे पाहिलं, तिने जिजीकडे.

जिजी सीटवरच बाहेर वळली. चपला घातल्या, पाय कट्ट्यावर पक्के रोवले, एका हाताने दार धरलं, दुसऱ्याने छताची कड.

"अरे ए, तो बाण वरचा कुठला? तो दाब."

फिटरने दाबला. गाडी वर येऊ लागली, आणि गाडीबरोबर सीट, आणि सीटबरोबर जिजी.

"अजून."

"मावशी, एवढी उंच कुणी ठेवत नाही."

"मला कुणीची गाडी नकोय. अजून."

गाडी जेवढी येईल तेवढी वर आली. सीटने जिजीला मागून हळू पुढे लोटलं, गुडघे कुरकुरले, आणि गादीचा आधार सुटला त्या क्षणी जिजी कट्ट्यावर उभी होती. ताठ. तिने कपडे सारखे केले.

"वकीलसाहेब, तुम्ही बघत होतात. माझा हात कुणी धरला?"

"मशीनने उठवलं तिला," चिरंजीव घाईने म्हणाले. "ते धरणार नाही."

"मशीनला हात आहे का?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शब्द 'हात धरून' असेच होते, ते म्हणाले, आणि ते स्वतः हजर होते. इथे हात असलेली चार माणसं आहेत. त्यांपैकी एकाचा खिशात आहे आणि बाकीच्यांनी लावलेला नाही. चिरंजीवांनी खिशातला हात काढून कपाळाला लावला.

जिजीने फिटरच्या हातातून रिमोट घेतला आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. कट्टा राहील, तिने सांगितलं, आणि गाडी उंच राहील. कुणाला ती बसवायची असेल त्याने माझ्याकडे मागावं.

सगळे पांगल्यावर फिटर तारा गुंडाळत होता. जिजी त्याच्याजवळ गेली आणि आवाज उतरवून म्हणाली, "का रे, असली एखादी पिशवी खुर्चीखाली बसवता येते का?"

"येईल की. कुणासाठी?"

"आमच्या विहीणबाईंसाठी. गुडघे गेलेत बिचारीचे. नको म्हणायची, फार ताठा आहे."

पुढच्या रविवारी चिरंजीवांचे शौकीन मित्र आपापल्या गाड्या जमिनीला घासत घेऊन आले. त्यांच्यामध्ये चिरंजीवांची गाडी नदी ओलांडायला निघाल्यासारखी उभी होती. काय बिघडलंय, त्यांनी विचारलं. "बिघडतंय कशाला," चिरंजीव मान वर करून म्हणाले. "खाली काय, कुणीही ठेवतं." आवाज थेट आईचा होता.

आता रोज सकाळी वरच्या खोलीतून फुस्स असा लांबलचक आवाज येतो. विहीणबाई तर या घरी वर्षभरात फिरकलेल्या नाहीत. चिरंजीव वर्तमानपत्रातून डोकं काढतात आणि विचारतात, हे काय वाजलं?

"गाडी असेल," सून म्हणते आणि नळ मोठा सोडते.

खाली पोर्चमध्ये गाडी ताठ उभी असते, आणि जिन्यावरून किल्ल्या वाजत येतात.