तात्यांच्या गाऱ्हाण्याला व्हय

वालावलला आमच्या शेजारी राहणारे तात्या नव्या मिक्सरलासुद्धा गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून मोठ्यानं केलेलं मागणं. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

बाळांनो, मी तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायला बसले, की कुंपणापलीकडून तात्या सुरू होतात. "बा देवा लक्ष्मीनारायणा, ही बाय नातवंडांक बघूक बसली आसा. त्येंची तोंडां मधीच गोठतत, ती आज गोठूक देव नको रे म्हाराजा!" आणि जन्मभर इंग्रजी शिकवलेली मी मुकाट्यानं "व्हय म्हाराजा" म्हणते. तरीही चित्र अडकलंच, तर दोष माझा.

"बाईनू, तुमचो व्हय हळू पडलो."

व्हय नसलेलं गाऱ्हाणं म्हणजे एकच काठ असलेली नदी, असं त्यांचं मत.

त्यांचा पुतण्या दिनकर समोरच राहतो. त्याची जुळी मुलं, सागर आणि मुग्धा, कुडाळच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला एकाच वर्गात. दोघांनाही धंदा करायचा होता. सागरला खाडीत पर्यटकांसाठी होडी चालवायची होती. मुग्धाला झाडाखाली कुजून जाणाऱ्या काजूच्या बोंडांचं सरबत करायचं होतं, तात्यांच्या घरामागच्या रिकाम्या मांगरात, म्हणजे कौलारू खोपटात. मी चाखलं होतं ते. संध्याकाळच्या उन्हाला चव असती तर तशीच असती.

सागरला सगळे विचारत, होडीत माणसं किती बसतील? मुग्धाला विचारत, लग्न झाल्यावर काय? बँकेतल्या साहेबांनी तर सरबताचा वाससुद्धा न घेता सांगितलं, "वडिलांना घेऊन ये." आणि वडील म्हणाले, "आधी तुझा लगीन, मगे सरबत."

सागरची होडी पाण्यात सोडायची त्या सकाळी खाडीवर धुकं होतं. माड पाण्यातून उगवल्यासारखे दिसत होते, अर्धे खरे, अर्धे स्वप्नातले. तात्यांनी सागरसाठी खणखणीत गाऱ्हाणं घातलं. नारळ फुटला. होडी धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"तात्यानू, आता माझ्यासाठी," मुग्धा म्हणाली. पिशवीतून तिनं स्वतःचा नारळ काढला.

दिनकर चिडला. "गप गो! उद्या सासरी गेलंस, मगे सरबताचा कोण बघतलो?"

"सागर उद्या नोकरीक मुंबैक गेलो तर होडी कोण बघतलो, ता इचारलंस?" तात्यांनी विचारलं.

"तो झील आसा, तात्यानू."

झील, म्हणजे मुलगा; दिनकरच्या लेखी तेवढं पुरे होतं. तात्यांनी मुग्धाचा नारळ हातात घेतला, देवळाकडे तोंड केलं.

"बा देवा लक्ष्मीनारायणा! ह्या चेडवाक बँकवालो इचारता बापूस खंय, बापूस इचारता घोव खंय. सरबत कसा झाला, ता कोणच इचारणा नाय. ता इचारण्याची बुद्धी सगळ्यांक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही बायका म्हणालो.

"हिचो घोव जेव्हा येतलो तेव्हा येतलो, तेका पयलो बाटले धुवूक बसय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" होणाऱ्या नवऱ्याच्या हाती बाटल्या आल्यावर हसू आणि आवाज दोन्ही वाढले.

"आणि माझ्या मांगरात उद्यापासून हिची चूल पेटांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सर्वांत मोठा आवाज दिनकरचा होता. जन्माची सवय, बिचाऱ्याचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं. त्यानं हात तोंडावर ठेवला, पण तोवर नारळ फुटला होता.

"देवाक व्हय म्हटलंस," तात्या गोड हसून म्हणाले. "आता फिरतलंस?"

दिनकर फिरला नाही. धुमसत का होईना, मांगराची कौलं त्यानंच शाकारली.

बाळांनो, तात्यांचं आणखी एक गाऱ्हाणं आहे. ते रोज पहाटे मांगरामागे, पाण्याकडे तोंड करून, पुटपुटल्यासारखं घालतात. तात्यांच्या पत्नी, काकू, होत्या तेव्हा विहिरीवरून त्या व्हय म्हणायच्या. त्या गेल्यावरही तात्या "म्हाराजा" म्हणून थांबायचे, तेवढीच जागा मोकळी सोडायचे, आणि मग पुढचं मागणं.

परवा मी फुलं काढत होते. तात्या "म्हाराजा" म्हणून थांबले. आणि मांगराच्या खिडकीतून, बाटल्यांच्या किणकिणाटातून, मुग्धाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तात्यांनी खिडकीकडे वळून बघितलं, मग पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. गाऱ्हाणं खरं तर तिथंच संपत असे. त्या दिवशी, तो व्हय पुन्हा ऐकायला, त्यांनी आणखी एक मागणं वाढवलं.