भोंग्यातून फुटलेली बिर्याणीची पैज

“मौलानासाहेब, क्रिकेटच्या मॅचवर बिर्याणी लावली तर ती हराम का?”

तहसीननं पडद्यामागून माईकमध्ये दणक्यात विचारलं. ‘हिंमत असेल तर विचारून दाखव’ असं वर्गातल्या राजनंदिनी आणि निकितानं डिवचलं होतं, आणि डिवचल्यावर गप्प बसेल ती तहसीन कसली! फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात नव्हती. बायकांच्या इज्तेम्याचा, म्हणजे धार्मिक मेळाव्याचा, भोंगा थेट मैदानाकडं तोंड करून होता, आणि तिचे अब्बा नेमके तेव्हाच बॅटिंगला उतरत होते!

तिसगावची ही मॅच दर रविवारची. बाजारतळ विरुद्ध वेस. हरेल त्यानं जिंकणाऱ्यांना बिर्याणी घालायची. अब्बांची बाजारतळ टीम हरण्यात इतकी भरवशाची, की अम्मी टॉसच्या आधीच बिर्याणीचं भगुणं चढवून मोकळी व्हायची!

भोंगा गरजला, “बेटी, दोघांनी डावावर लावायचं आणि हरणाऱ्याचं जिंकणाऱ्यानं खायचं, हा जुगारच. मग रुपये असोत की बिर्याणी! हां, बाहेरच्या कुणी खुशीनं बक्षीस दिलं, तर हरकत नाही.”

पोलिसाची शिट्टी ऐकल्यासारखा बॉलर जागेवर थिजला.

“मुनीरभाई, आवाज तुमच्या तहसीनचा वाटतोय!” वेशीचा कॅप्टन कल्याण म्हणाला.

“छे! आमची पोरगी लई गरीब हाय.”

तेवढ्यात भोंगा पुन्हा बोलला, “अगं बाई, मग आमच्या अब्बांचं काही खरं न्हाई!”

झालं! एकच गलका!

“मॅच बंद!”

“मॅच चालू, पैज बंद!”

“आरं, पन शिजलीय तिचं काय?”

कल्याणनं छाती पुढं काढली. “जुगार तुमी सोडा, भगुनं आमी सांभाळतो!”

शेवटी मौलानांनीच तोड काढली. पैज मोडा, मेजवानी म्हणून सगळ्यांना वाढा. सगळे आडवे होईस्तोवर जेवले. अब्बा मात्र ताट तसंच ठेवून उठले.

“आता कोन येतंय खेळायला?” घरी आल्यावर ते कोपऱ्यात बॅट टेकवत अम्मीला म्हणाले. “माझा रविवार संपला म्हन!”

तहसीननं दारातून ते ऐकलं. पण माघार? छट्! ती पॅड बांधल्यासारखी ताठ उभी राहिली.

“अब्बा, अम्मी, मी ठरवलंय! मॅचबी व्हनार आनि बिर्याणीबी व्हनार. बक्षीस बाहेरच्यानं द्यायचं ना? मग अब्बा, तुमी टीमच्या बाहेर व्हा आनि दर रविवारी खुशीनं बिर्याणी द्या. तुमच्या जागी मी खेळते!”