टाकी रिकामी होईपर्यंत

"दांडी सोडायची नाही!" एकहार्ट क्रुम्होल्झ ओरडले. गवत कापायच्या मशीनचा आवाजच एवढा, की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता. तसे ते एरवीही ओरडूनच बोलत. "दांडी सुटली की इंजिन बंद! मशीन हिवाळ्यात आत ठेवायचं, तर टाकीत पेट्रोलचा थेंब राहता कामा नये. इंजिन आपणहून बंद पडलं पाहिजे. मध्येच दांडी सोडणाऱ्यानं मशीन बाळगूच नये, गवत हातानं उपटत बसावं!"

ब्रेमेनच्या कडेला भाड्याच्या छोट्या बागांची ती वसाहत. दुपारी तीनला अध्यक्षाची निवडणूक होती, आणि एकहार्टना अध्यक्ष व्हायचंच होतं. त्यांच्याविरुद्ध उभी होती रोझविटा टीमान. तिच्या बागेत गवत गुडघाभर वाढलेलं, आणि तिचं हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. तिला धडा मिळावा म्हणूनच एकहार्टनी हे जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पात्याला धार लावून झाली, खालचा वाळलेल्या गवताचा थर खरवडून झाला, तेल बदलून झालं. राहिली होती फक्त टाकी.

"किती वेळ लागेल हो?" रोझविटानं विचारलं.

"तुमची कॉफी गार व्हायच्या आत संपेल. तळाशी वाटीभर उरलंय."

कॉफी गार झाली. प्लमचा केकही संपला. मशीन आपलं गुरगुरतंय ते गुरगुरतंयच. एकहार्टच्या हाताला मुंग्या आल्या.

"गेरलिंडे!" त्यांनी बायकोला हाक मारली. "टाकीला हात लावलास का तू?"

"लावला ना! सकाळी काठोकाठ भरली. म्हटलं, चारचौघांत मशीन बंद पडलं तर तुझी शोभा व्हायची."

एकहार्ट काही बोलणार, तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. एक वाजला! एक ते तीन वसाहतीत शांततेची वेळ, आणि त्या वेळेचे स्वयंघोषित राखणदार खुद्द एकहार्ट. रोझविटानं एकदा या वेळात यंत्रावर क्रीम फेटलं, तर या गृहस्थांनी तिच्याविरुद्ध रीतसर तक्रार केली होती.

"एक वाजला, एकहार्ट," रोझविटा मधाळ आवाजात म्हणाली. "सोडा की दांडी."

सोडावी, तर आत्ताच सगळ्यांदेखत झाडलेलं व्याख्यान मातीत जाणार. न सोडावी, तर नियम मोडणार. दोन्हीकडून मतं जाणार!

"नियम वसाहतीच्या आत लागू आहे!" ते एकदम गरजले आणि मशीन ढकलत फाटकाबाहेर पडले. पुढे रेल्वेच्या कडेचा लांबलचक गवताळ उतार होता. कुणी सांगितलं नसताना तो कापत कापत ते पार दिसेनासे झाले.

टाकी एकदाची संपली, तेव्हा ते पुलापाशी पोचले होते. मेलेलं मशीन ढकलत, धापा टाकत परत येईतो तीन कधीच वाजून गेले होते. मतदान आटोपलं होतं आणि रोझविटा अध्यक्ष झाली होती.

"मी नसताना?" एकहार्ट कडाडले. "हा शुद्ध विश्वासघात आहे!"

"रागावू नका हो," रोझविटा म्हणाली. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा दुपारी सगळ्यांचा डोळा लागला. तुम्ही बाहेर होतात ना! म्हणून खास तुमच्यासाठी एक पद काढलंय. बाहेरच्या उताराचे प्रमुख. रोज एक ते तीन, फाटकाबाहेर."

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," गेरलिंडे म्हणाली. "आणि एकमतानं मंजूर झालं."

एकहार्टनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग जरा विचार केला.

"पण आता थंडीत गवत वाढतं कुठे?"

"न का वाढेना," रोझविटा म्हणाली. "तुम्ही नुसतं लक्ष ठेवा."

एकहार्टनी तेलकट हात पँटला पुसले, कॉलर नीट केली आणि घसा खाकरला.

"प्रमुखाला बिल्ला मिळेल ना?"