खतीबसाहेबांचा कायदा

खतीबसाहेबांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते चष्मा कपाळावर सरकवून उलट विचारत, "कोणत्या कलमाखाली विचारता?" पहिल्या दिवशी मला वाटलं, थट्टा करताहेत. महिन्याभरात कळलं, की हा माणूस थट्टा करत नाही. थट्टेला त्यांच्या कायद्यात कलमच नव्हतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. संयुक्त अरब अमिराती अजून व्हायच्या होत्या. सात शेख, सात झेंडे, आणि शहर सोडलं की रस्ता म्हणजे आधीच्या गाडीच्या चाकांची वाळूतली खूण. शारजाच्या उत्तरेला एका लहानशा रियासतीत तिथल्या शेखांनी स्वतःची शे-सव्वाशे माणसं उभी केली होती. फौज म्हणावी तर फार लहान, पहारेकरी म्हणावेत तर बंदुका फार. बाकी सगळे नुसतं 'कॅम्प' म्हणत. खतीबसाहेब म्हणत 'शिबंदी'. मी त्या शिबंदीत स्टोअरकीपर होतो. दाभोळच्या खाडीकाठचा, मॅट्रिक पास, दुबईच्या देऱ्यात दुकान असलेल्या मामूंनी ओळखीनं चिकटवलेला. आणि खतीबसाहेब हेडक्लार्क. खजुरीच्या झावळ्यांच्या ऑफिसात, घामानं कागद चिकटत असताना, कोटाचं वरचं बटण लावून बसणारे.

ते मुरुडकडचे. तरुणपणी तिकडच्या नवाबी संस्थानच्या शिबंदीत कारकून होते. संस्थानं विलीन झाली, शिबंदी मोडली, सगळं सामान सरकारजमा झालं. खतीबसाहेबांनी ट्रंकेत घालून एकच वस्तू आणली होती, शिबंदीच्या कायद्याचं जुनं पुस्तक. त्या पुस्तकामुळेच त्यांचं बोलणंही तसंच राहिलं होतं. आम्ही चहाला चहा म्हणत असू, ते "सदर चहा" म्हणत. चहात साखर कमी पडली तर "सबब परत न्यावा."

इकडच्या शिबंदीला लेखी कायदा नव्हता. शेखांनी ठेवलेले इंग्रज कॅप्टन एकदा त्रासून म्हणाले, "खतीब, कुछ रूल्स बनाओ." दुसरा कुणी असता तर दोन पानं टाइप करून दिली असती. खतीबसाहेबांनी ट्रंक उघडली आणि चार महिन्यांत अख्खं पुस्तक इंग्रजीत उतरवलं. भरती, हजेरी, पहारा, रजा, शिक्षा, निवृत्ती, मयताचं सामान. संस्थानच्या जागी रियासत आणि घोड्याच्या जागी उंट एवढा बदल केला. पण हा बदल त्यांनी फार मनापासून, सगळ्या पुस्तकभर केला. त्यामुळे 'दर तिमाहीस उंटांच्या चारी पायांचे नाल तपासावेत' असं एक कलम तयार झालं.

कॅप्टन म्हणाले, "उंटाला नाल नसतात, खतीब."

"मग तपासणीचा निकाल 'निरंक' येईल, सर. पण तपासणी होणार."

आणि ती होत असे. दर तीन महिन्यांनी एक हवालदार अकरा उंटांचे पाय उचलून बघायचा प्रयत्न करी, उंट त्याला लाथा घालत, आणि खतीबसाहेब रजिस्टरात 'नाल: निरंक' लिहून खाली सही करत. मृगाआधी प्रत्येक शिपायाला एक इरलं द्यावं, हेही कलम तसंच राहिलं होतं. वाळवंटात इरलं! मी स्टोअरकीपर, म्हणून दर वर्षी ते मला लेखी विचारत, की इरली का वाटली नाहीत. मी लेखी कळवत असे, की पाऊस नाही. मग ते समाधानानं फाइल बंद करत.

कायदा मंजुरीसाठी शेखांच्या मजलिसमध्ये वाचला गेला. मुनशी अरबीत सांगत होता, खतीबसाहेब शेजारी उभे. शेख दोन तास डोळे मिटून ऐकत बसले होते. शेवटी एकच म्हणाले, "ह्यात आई आजारी पडली तर काय, ते नाही." खतीबसाहेब इतके हरखले, की तिथेच गुडघ्यावर वही ठेवून त्यांनी कलम त्रेपन्न लिहिलं. आईच्या आजारपणाची रजा, पुरावा न मागता. नंतर कितीतरी दिवस ते मला सांगत होते, "इकबालमियाँ, बावन्न कलमं ऐकून त्यातलं जे नाही ते ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

कायदा लागू झाल्याला तीन वर्षं झाली, आणि तो मुरादवर येऊन पडला.

मुराद आमचा भिश्ती. मकरानचा बलुची. तरुणपणी मोती काढणाऱ्या होडीवर आला आणि मोत्यांचा धंदा बसल्यावर इथेच राहिला. पाण्याची गाडी आली की डबे भरायचे, बराकीतल्या मातीच्या रांजणांत पाणी ओतायचं, आणि कुणी तांब्या उघडा ठेवला तर त्याच्या नावानं ओरडायचं, हे त्याचं काम. झोपायला माझ्या स्टोअरच्या मागची पडवी. मकरानात त्याचं आता कुणी नव्हतं, इथेही नव्हतं.

त्या वर्षी बाहेरून एक मोठा साहेब नोंदवह्या तपासायला येणार होता. कॅप्टननी यादी बघितली. मुरादच्या नावापुढे वयाची जागा कोरी.

"पंचावन्नच्या वर असेल तर कायद्यानं काढावं लागेल," कॅप्टन म्हणाले. "कलम तुमचंच आहे, खतीब. चौकशी करा."

काढलेल्या माणसानं तीन दिवसांत जागा सोडावी, हेही कलम खतीबसाहेबांचंच.

चौकशी माझ्या स्टोअरमध्ये झाली. दोन सह्या लागत, दुसरी माझी. मुराद गोणीवर बसला, खतीबसाहेब खुर्चीवर. मोडक्यातोडक्या उर्दूत सवालजवाब सुरू झाले.

"जन्म कधीचा?"

"मोत्यांच्या मोसमातला."

"कोणत्या मोसमातला?"

मुरादनं विचार केला. "चांगला मोसम होता."

हे लिहून घेण्यात आलं.

"इथे आलास तेव्हा दाढी होती?"

"होती. पण माझ्या बापाला बाराव्या वर्षी होती."

खतीबसाहेबांनी बंदरावरून एक म्हातारा कोळी साक्षीला आणवला. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी पोर होतो तेव्हा मुरादनं मला पोहायला शिकवलं." कोळ्याच्या तोंडाकडे बघून मीच मनात त्याचं वय साठ म्हटलं. मुराद खाली बघत राहिला. खतीबसाहेबांनी कोळ्याला विचारलं, "तुमचं स्वतःचं वय?"

"अल्लाला ठाऊक."

"साक्षीदारास स्वतःचे वय ठाऊक नाही," खतीबसाहेब मोठ्यानं बोलत लिहू लागले. "सबब साक्ष अग्राह्य."

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी तीन पानी अहवाल टाइप झाला. शेवटची ओळ होती, 'सदर इसमाचे वय एकोणपन्नास.'

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेन माझ्या पुढ्यात ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. नोकरी प्रत्येकाला प्यारी असते, मलाही होती. पण मी सही केली.

कॅप्टननी अहवाल वाचून मुरादला बोलावलं, त्याला तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "खतीब, इसके मुँह में एक भी दाँत नहीं है."

"कायद्यात दातांचा उल्लेख नाही, सर."

मोठा साहेब आला, वह्या बघितल्या, शिक्के मारले, जेवला आणि गेला. मुराद राहिला. त्याला नक्की काय झालं ते कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यानं आपले रांजण भरले.

मला वाटलं, खलास. संपलं. पण पंधरा दिवसांनी कॅप्टननी मला बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला अर्ज होता. खतीबसाहेब समोर सावधान उभे. अर्जदार, हेडक्लार्क खतीब. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, हेडक्लार्क खतीब. रजिस्टरात जाणूनबुजून खोटी नोंद केल्याबद्दल.

त्या नोंदीवर माझीही सही होती. कॅप्टननी बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की स्टोअरकीपरनं वरिष्ठांच्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली, त्याचा दोष नाही.

"खरं वय किती?" कॅप्टननी विचारलं.

"सत्तरच्या आत नाही, सर."

"म्हणजे आता त्या म्हाताऱ्याला मी काढू?"

"काढता येणार नाही, सर." खतीबसाहेबांनी पुस्तक उघडून पुढे धरलं. खूण घालूनच आणलं होतं. "तपासणीचा शिक्का बसलेल्या नोंदीत पुढच्या तपासणीपर्यंत खाडाखोड करू नये. पुढची तपासणी तीन वर्षांनी. सबब भिश्ती जागेवर. कारकून मात्र शिक्षेस पात्र."

कॅप्टननी ते कलम दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हा अर्ज मी फाडला तर?"

"दुसरी प्रत फाइलला आहे, सर."

शिक्षा कायद्यातच होती. परेडसमोर समज आणि त्या वर्षीची रजा रद्द. समज द्यायला कॅप्टन दोन वाक्यं बोलले, तीही घाईघाईनं. शंभर माणसं रांगेत उभी होती आणि त्यांच्यासमोर खतीबसाहेब कोट घालून, पायात चपला, छाती पुढे काढून उभे होते. एखाद्याचा सत्कार व्हावा तसा त्यांचा चेहरा होता. पाण्याचा डबा घेऊन मुराद लांबून बघत होता. त्यालाही तो सत्कारच वाटला असावा, कारण शेवटी त्यानं सलाम ठोकला.

रजेचं मात्र आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. त्यांच्याच कायद्यानं तीन वर्षांतून एकदा घरी जाणं सक्तीचं होतं. ती तीन वर्षं त्या साली भरत होती. त्याआधीही ते कधी गेले नव्हते. दर वर्षी काहीतरी काम निघे. या वेळी मुंबईच्या बोटीची चौकशी झाली होती, मी मुरुडला द्यायला खजुराचा डबा बांधून ठेवला होता. त्या दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि काय बोलावं ते न सुचून म्हणालो, "साहेब, माझ्यामुळे नाही, पण मला फार वाईट वाटतंय. घरची माणसं वाट बघत असतील."

ते टाइपरायटरची फीत बदलत होते. बोटं काळी झाली होती.

"कोण घरची?" ते म्हणाले.

त्यांनी जुनी फीत गुंडाळून बाजूला ठेवली.

"बायको गेली त्याला अठरा वर्षं झाली. मूल नव्हतं. घर भावाच्या मुलांकडे आहे. मी गेलो तर त्यांना एक खोली रिकामी करावी लागेल. बोटीची चौकशी करून आलो त्या दिवसापासून मला झोप नव्हती, इकबालमियाँ. तिथं जाऊन महिनाभर करायचं काय?" मग जरा थांबून म्हणाले, "शिक्षा झाली, बरं झालं."

इतका वेळ मनात ठेवलेलं मी विचारूनच टाकलं. "पण मुरादसाठी तुम्ही खोटं लिहिलंत. तुम्ही!"

त्यांनी फीत बसवली, हात फडक्याला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"आमची शिबंदी मोडली तेव्हा सगळ्यांचे बरतर्फीचे दाखले मी टाइप केले. दोन दिवसांत. नाव, हुद्दा, तारीख. एकाच्याही तोंडाकडे बघितलं नाही. त्यात एक सखाराम नगारची होता. म्हातारा. त्याला वाचता येत नव्हतं. दाखला त्यानं पागोट्यात खोचला आणि दुसऱ्या दिवशी पहाऱ्याच्या वेळेला दरवाज्यावर हजर. तिसऱ्या दिवशीही. दरवाजाला कुलूप. तो पायरीवर बसून राहायचा, बराच वेळ. मग जायचा. पावसाळा लागेपर्यंत येत होता. मी समोरच राहायचो."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?"

"मी खिडकी लावून घ्यायचो," खतीबसाहेब म्हणाले.

मग त्यांनी कागद चढवला आणि माझ्या स्टोअरची मासिक मागणी टाइप करायला घेतली.

ईद आली तेव्हा कॅम्प रिकामा झाला. अरब शिपाई आपापल्या वस्त्यांवर गेले, मी देऱ्याला मामूंकडे निघालो. खतीबसाहेबांना म्हटलं, चला, मामींच्या हातचं जेवायला या. ते म्हणाले, मुख्यालय सोडायची परवानगी नाही. परवानगी देणारे कॅप्टन स्वतः दोन दिवसांपूर्वीच गेले होते. मी फार आग्रह केला नाही.

जीप सुटायला उशीर झाला. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता आणि मी मागे बसून सामान बांधत होतो. तेव्हा मला स्टोअरमागच्या पडवीत मुराद दिसला. नवा पांढरा सदरा घातला होता. त्यानं आपली बाज ओढत सावलीत आणली, तिच्यावर एक चादर पसरली, ऑफिसच्या दाराशी जाऊन बाहेरूनच काहीतरी म्हणाला आणि परत आला. थोड्या वेळानं खतीबसाहेब बाहेर आले. इतक्या वर्षांत ते कुणाच्या बाजेवर बसलेले मी पाहिले नव्हते. ते काठावर बसले. मुरादनं त्यांच्या पुढ्यात ताटली ठेवली आणि स्वतः खाली बसून तो बोलू लागला. हातवारे करत, बलुचीत, बहुधा त्याच्या गावाबद्दल. खतीबसाहेबांना त्या भाषेचा एक शब्द येत नव्हता.

जीप हलली तेव्हा ते मान डोलावत होते, आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं होतं.