शरच्चंद्र मास्तर पाडा साफ करतात

“सुट्टी ही लोळायला नसते, लोकांच्या उपयोगी पडायला असते!” असं शरच्चंद्र मास्तरांनी वैशाखातल्या एका भर दुपारी जाहीर केलं. जाहीर केलं ते पलंगावर लोळतच, पण ते जाऊ द्या! मास्तरांनी एखादी गोष्ट जाहीर केली की ती होणारच, आणि होताना दुसऱ्या कुणाला तरी घाम फुटणारच, हे नाशकातल्या त्यांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ते साल होतं एकोणीसशे छत्तीस. ग्रामसुधारणेचं वारं तेव्हा असं सुटलं होतं, की ज्यानं कधी खळ्यात पाऊल टाकलं नाही तोही खेड्याच्या काळजीनं वाळत चालला होता. मास्तरांनी त्या विषयावरची एक चोपडी वाचली होती. खेड्याचा पहिला शत्रू म्हणजे घाण, हे तिच्यातलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं होतं, आणि शिरलं ते बाहेर यायला तयार नव्हतं.

“अहो, आपली मोरी चार दिवस तुंबलीय,” मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “सुरुवात तिथूनच करा ना!”

“मोरी हा खाजगी प्रश्न आहे, मालिनी! मी समाजाबद्दल बोलतोय!”

समाज कुठला गाठायचा तेही ठरलेलं होतं. हरसूलच्या बाजूला डोंगरात एक लहानसा पाडा होता. तिथला लहानू दर उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या घेऊन मास्तरांच्या दारी यायचा आणि जाताना “एकदा आमच्याकडं या मास्तर” असं म्हणायचा. बिचारा रीत म्हणून म्हणायचा! यंदा मास्तर म्हणाले, “येतो.”

तुकडीत चौघंजण भरती झाले. मास्तर स्वतः, मालिनीबाई, लेकीकडे आंबे खायला आलेले तिचे वडील नाना, आणि मास्तरांचा शाळूसोबती निसार. नाना पेन्शनीत निघालेले अव्वल कारकून होते. डोंगरात हवा थंड असते एवढ्याच आशेवर ते तयार झाले. निसार देवळाली कॅम्पात सोल्जरांचे कपडे शिवायचा.

“यार शरद, मला सफाईतलं काय कळतं?” निसार म्हणाला.

“त्यात कळायचंय काय? घाण दिसली की उचलायची! तू फक्त गणवेश शिव. गणवेशाशिवाय स्वयंसेवक म्हणजे नुसता पाहुणा!”

निसारकडे पलटणीच्या मापातून उरलेलं खाकी कापड होतं. त्यानं तिघा पुरुषांसाठी खाकी सदरे आणि हाफपँटी बेतल्या. नानांनी त्रेसष्टाव्या वर्षी गुडघे दाखवायला साफ नकार दिला, म्हणून त्यांना धोतरावर खाकी कोट आणि डोक्यावर त्यांची नेहमीची पगडी, असा तह झाला. आठ खराटे, तीन फावडी, चार पाट्या आणि फिनेलची एक बाटली घेऊन ही फौज मोटारीनं त्र्यंबकला आणि तिथून बैलगाडीनं पुढे निघाली. खराटे बांधलेली ती गाडी पाहून वाटेत दोघांनी भाव विचारला. मास्तरांनी दोघांनाही स्वच्छतेवर चार शब्द ऐकवले.

लहानूनं मात्र मनापासून स्वागत केलं. त्याची आई नवसाबाई अंगानं काडीएवढी, पण आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची गुरं वळावीत! तिनं मालिनीबाईंना जवळ बसवून घेतलं, सगळ्यांना नागलीची भाकर आणि कैरीचा ठेचा वाढला. दुसरे दिवशी हरसूलचा बाजार होता. सकाळीच सगळा पाडा निघाला.

“मास्तर, घर तुमचंच समजा,” लहानू म्हणाला. “आमी दिस कलायच्या आत येतो.”

हे वाक्य कुणालाही म्हणावं, पण सुधारकाला म्हणू नये!

पाडा मोकळा झाल्याबरोबर मास्तर पाहणीला निघाले, आणि दहा मिनिटांत हिरमुसले. पाडा स्वच्छ होता! अंगणं सारवलेली, उंबरे पुसलेले, वाटेवर साधी काडी नाही. आठ खराटे नाशकाहून आणलेले, आणि झाडायला काही नाही!

“चला, झालं काम,” नाना म्हणाले. “आता जरा पडू या.”

“सापडली!” तेवढ्यात घरामागून मास्तरांची आरोळी आली. “मालिनी, निसार, इकडे या! सापडली!”

घरामागच्या उतारावर खरोखरच घाण होती, आणि होती म्हणजे काय, अंगणाच्या दुप्पट जागेत हातभर उंच पसरली होती! वरच्या मातीखाली गवत, गवताखाली पालापाचोळा, त्याखाली झाडांच्या वाळक्या फांद्या आणि तळाशी वाळलेल्या शेणाचा थर.

“पाहिलंत?” मास्तर आनंदानं थरथरत होते. “घाण करायची आणि वरून माती लोटायची! म्हणजे कुणाला दिसायला नको! हेच ते अज्ञान!”

निसार वाकून कडा बघत होता. “शरद, एक बात सांगू? ही घाण मापानं बेतलीय बघ. चारी कडा सरळ. एवढी नीट घाण मी तरी आजवर पाहिली नाही.”

“वर्षानुवर्षं एकाच जागी टाकली की होते तशी!”

“पण शेण खाली, फांद्या वर,” मालिनीबाई म्हणाल्या. “टाकलेलं नाही वाटत हे, रचलेलं वाटतं. नवसाबाईंना येऊ द्या ना.”

“त्या येईपर्यंत जागा चकाचक दिसली पाहिजे! त्यातच तर गंमत आहे!”

तरीही बायकोचा मान राखावा म्हणून मास्तर निसारला आणि नानांना घेऊन विचारायला गेले. पाड्यात मागे राहिलेला एकटा माणूस म्हणजे गोरक्ष नावाचा एक म्हातारा. ताप आल्यामुळे तो दारात घोंगडी पांघरून बसला होता. समोर खाकी कपड्यांतले दोन इसम आणि मागे पगडीवाला एक भारदस्त माणूस पाहून तो काठीच्या आधारानं थरथरत उभाच राहिला.

“आजोबा, ते मागचं सगळं उचलायचंय. हरकत नाही ना?”

“उचला सायेब,” गोरक्षनं हात जोडले. “आमी काय बोलावं? उचला.”

“बघा!” मास्तर विजयानं म्हणाले. “म्हाताऱ्यांचासुद्धा पाठिंबा आहे!” गोरक्ष पाठिंबा देऊन आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मग जे काम सुरू झालं, त्याचं वर्णन निसारनं पुढे आयुष्यभर कमरेला हात लावूनच केलं. फावड्यानं ओढायचं, पाटीत भरायचं, डोक्यावर घ्यायचं आणि खालच्या कोरड्या ओहोळात नेऊन ओतायचं. शंभरएक खेपा झाल्या. नाना सावलीत बसून खेपा मोजत होते. मोजताना दोनदा डोळा लागल्यामुळे त्या नक्की किती झाल्या ते कधीच कळलं नाही. मास्तरांच्या हाताला फोड आले, पाठ वाकली, पण तोंड चालू होतं. दुपार टळली तेव्हा उतार तळहातासारखा साफ झाला होता आणि ओहोळात होळीची रास उभी राहिली होती. मास्तरांनी साफ झालेल्या जागेवर फिनेलसुद्धा शिंपडायला काढलं, पण बाटली वाटेतच गळून रिकामी झाली होती. देवाची कृपा, दुसरं काय!

“आता ही रास पेटवायची,” मास्तर म्हणाले.

निसारनं लगेच काड्यापेटी काढली. त्याला कधी एकदा आडवं होतो असं झालं होतं.

“थांब! आधी दोन शब्द बोलतो.”

“कुणापुढे?”

“सवय म्हणून! संध्याकाळी गावकऱ्यांपुढे करायचंच आहे.”

मास्तरांनी एका धोंड्यावर उभं राहून सुरुवात केली. श्रोते म्हणजे बायको, सासरे, मित्र आणि लांबून बघणारी एक शेळी. मास्तरांचे दोन शब्द म्हणजे अगस्तींच्या काळापासून! दंडकारण्य झालं, पेशवाई झाली, पटकीची साथ झाली. नाना घोरू लागले. शेळीसुद्धा निघून गेली.

“लावू?” निसारनं विचारलं.

“थांब!”

पाव तासानं पुन्हा, “आता लावू?”

“अरे, अजून समारोप राहिलाय!”

समारोपाला तीन मुद्दे होते. तिसरा संपता संपता मास्तरांनी हात आकाशाकडे नेला, “...आणि म्हणून, बंधुभगिनींनो, ही युगायुगांची घाण आपण अग्नीच्या स्वाधीन करीत आहोत!” निसारनं काडी ओढली.

“आरं थांऽऽब! मुडद्या, थांब!”

आवाज डोंगरावर आपटून परत आला. नाना दचकून उठले. वरच्या वाटेवरून डोक्यावरची बाजाराची पाटी टाकून नवसाबाई धावत येत होती. मागे मिरच्या आणि कांदे उतारावरून घरंगळत होते. तिनं येऊन निसारच्या हातातली काडी फटक्यानं उडवली, ती पायाखाली चिरडली आणि त्या राशीवर आडवी पडून हंबरडाच फोडला.

“माजा राब! माज्या राबाला हात कुणी लावला रं?”

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. राब! हा शब्द त्यांना चांगलाच ठाऊक होता. चौथीच्या भूगोलात दर साल ते मुलांकडून घोकून घेत, ‘डोंगराळ भागातील शेतकरी शेण, फांद्या व पालापाचोळा यांचे थर रचून ते भाजतात. यास राब म्हणतात.’ गेल्याच साली हे उत्तर न आल्याबद्दल त्यांनी दोघांना छड्या मारल्या होत्या! पण भूगोलात राब एका ओळीचा असतो. त्यावर शंभर पाट्या वाहाव्या लागतात हे भूगोलात लिहिलेलं नसतं.

तोवर लहानू आणि सगळा पाडा गोळा झाला. रागावण्याऐवजी लहानू मटकन खालीच बसला. “मास्तर, ह्याच्या राखंत नागलीचं बी पेरायचं. राब नाय तर रोप नाय, आन् रोप नाय तर वर्साची भाकर नाय. आई माघापासून मोळ्या वाहत व्हती. आता रानाला हात लावला तर जंगलचा शिपाई धरंल, आन् पाऊस आला पंधरा दिसावर.”

“पण लहानू, मी गोरक्षआजोबांना विचारलं होतं रे!”

गोरक्ष गर्दीतून पुढे आला. “मला काय ठावं? खाकी कापडं, पगडीवाला मोठा सायेब! मला वाटलं जंगलखात्याची मानसं राब जप्त कराय आली. सरकारला नको कसं म्हणू?”

सगळ्यांच्या नजरा गणवेशाकडे वळल्या. निसारनं हळूच सदऱ्याची बटणं काढली.

मास्तर नवसाबाईजवळ गेले. आजवर त्यांनी कुणापुढे मान तुकवली नव्हती, हेडमास्तरांपुढेही नाही. त्यांचे डोळे भरून आले. “आई, मी गाढव आहे,” ते म्हणाले. एवढं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

नवसाबाईनं पदरानं डोळे पुसले. राशीत हात घालून काड्या चाचपल्या, शेणाचं एक ढेकूळ फोडून पाहिलं. “भिजला नाय,” ती म्हणाली. “जळला बी नाय. रडत काय बसलाय बाबा? उचल पाटी!”

काय सांगावं, त्या ‘उचल पाटी’नं मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला! भाकर वाचली होती! आणि वाचवली कुणी? समारोपाच्या तीन मुद्द्यांनी! मुद्दे दोनच असते तर ओहोळात नुसती राख उरली असती. निसारनं तिथल्या तिथे कबूल केलं, की शाळेपासून ऐकलेल्या शरदच्या भाषणांपैकी कामाला आलेलं हे एवढंच.

मग तोच ढीग त्याच पाट्यांतून उलटा वर चढला. उतरताना जे हलकं वाटलं होतं ते चढताना कसं लागतं, हे खाली-वर करणाऱ्यालाच कळतं! पण आता सारा पाडा हाताशी आला होता. नवसाबाई धोंड्यावर बसून हुकूम सोडत होती. आधी शेण, मग टहाळ, मग पाला, मग गवत, आणि वर माती. मालिनीबाईंनी लावलेला थर बघून ती म्हणाली, “पोरीच्या हाताला वळण हाय.” निसारनं चारही कडा दोरी धरल्यासारख्या सरळ केल्या. मास्तरांनी लावलेला कोपरा मात्र तिनं काही न बोलता उपसला आणि पुन्हा रचला. पुन्हा लावू गेले, तर त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन त्यांना नानांशेजारी सावलीत बसवलं.

दिवस मावळता राब जसाच्या तसा झाला. पाड्यानं घरंगळलेले कांदे वेचून आणले. जेवताना कुणी टोमणा मारला नाही, उलट नवसाबाईनं मास्तरांच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्तच धरली. “चुकतं मानसाचं,” ती म्हणाली. मास्तर इतके हलके झाले की अंथरुणाला पाठ टेकताच झोपले.

पहाटे फटफटत होतं. मास्तरांना जाग आली ती धुराच्या वासानं. घरामागून धुराचे लोट उठत होते!

“आग! राब पेटला! धावा!” मास्तर हंडा उचलून तसेच पळत सुटले. आता मात्र जीव गेला तरी हा राब वाचवायचाच! ते हंडा उपडा करणार, एवढ्यात मालिनीबाईंनी मागून सदरा धरला आणि निसारनं हंडा.

राबाच्या कडेला नवसाबाई हातात पेटतं टेंभुर्णीचं लाकूड घेऊन शांतपणे उभी होती. आगीच्या चारी बाजूंनी पाडा डहाळ्या घेऊन राखण करत होता. आग वरच्या मातीखालून धुमसत, एका रेषेत, अगदी शहाण्यासारखी पुढे सरकत होती.

“लहानू,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “हा राब आठ दिवसांनी भाजायचा ना रे? वाऱ्यानं राख उडून जाते म्हणून थांबता, असं कालच तू सांगितलंस!”

लहानू पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. “व्हय मास्तर. पण आई म्हनली, तुमी अजून दोन दिस ऱ्हानार हाय. वारा काय, थोडीच राख न्हेतो.”